मेगॅस्थेनिसची साक्ष आणि शेतकऱ्याचा वाटा

(उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सोयाबीनचा भाव, पीकविमा आणि बटाईची जमीन यांची चिंता वाहणाऱ्या उंद्रीसारख्या गावात तेवीसशे वर्षांपूर्वीच्या एका ग्रीक ग्रंथकाराचा विषय अभ्यासवर्गासाठी निवडावा, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटेल. परंतु हा ग्रंथकार आपल्या गावात केव्हाच येऊन पोचलेला आहे. शाळेच्या क्रमिक पुस्तकात त्याचे नाव असते, प्रचारसभांतून ते ऐकू येते, आणि अलीकडे प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलवरही ते फिरत असते. त्या मजकुराचा मथितार्थ ठरलेला आहे. प्राचीन भारतात गुलाम नव्हते, चोरी नव्हती, दुष्काळ कोणाला ठाऊक नव्हता, युद्ध पेटले तरी शेतकऱ्याच्या केसाला धक्का लागत नसे. आणि हे आम्ही म्हणत नाही, एक परका ग्रीक म्हणतो! पारावर हा युक्तिवाद ऐकला की आपला कार्यकर्ता बहुधा दोहोंपैकी एक काहीतरी करतो. एक तर तो निरुत्तर होतो, नाही तर 'सारे थोतांड आहे' असे म्हणून मोकळा होतो. दोन्ही गोष्टी समाजवाद्याला शोभणाऱ्या नाहीत. साक्षीदार पुढे आणला गेला असेल तर त्याची उलटतपासणी केली पाहिजे. तशी ती केली म्हणजे असे आढळते की, ज्यांनी त्याला साक्षीला बोलावले त्यांच्यापेक्षा बांधावर राबणाऱ्या माणसालाच त्याचा उपयोग अधिक आहे.

हरवलेला ग्रंथ

या ग्रंथकाराचे नाव मेगॅस्थेनिस. अलेक्झांडरच्या मृत्यूनंतर त्याच्या साम्राज्याचा पूर्वेकडील भाग सेल्यूकस नावाच्या सेनापतीच्या हाती आला. इ. स. पूर्व ३०३ च्या सुमारास सेल्यूकस व चंद्रगुप्त मौर्य यांच्यात तह झाला. सेल्यूकसने सिंधूपलीकडचा काही प्रदेश सोडला आणि त्याला ५०० हत्ती मिळाले. या तहानंतर सेल्यूकसचा वकील म्हणून मेगॅस्थेनिस पाटलिपुत्राला आला. तेथे जे पाहिले व ऐकले त्यावरून त्याने 'इंडिका' नावाचा ग्रंथ लिहिला.

हा ग्रंथ आज अस्तित्वात नाही, ही पहिली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट होय. मूळ पोथी नष्ट झाली. तीनशे-चारशे वर्षांनंतर डायोडोरस, स्ट्रेबो, प्लिनी व एरियन या लेखकांनी आपापल्या ग्रंथांत तिचे जे उतारे व सारांश दिले तेवढेच शिल्लक राहिले. त्यांपैकी डायोडोरसने तर आपल्या सारांशात मेगॅस्थेनिसचे नावही घेतलेले नाही. मजकूर जुळतो म्हणून तो त्याचाच असावा असे विद्वान मानतात. हे विखुरलेले तुकडे श्वानबेक या जर्मन पंडिताने १८४६ साली एकत्र केले. त्यांचे मॅक्रिंडलने केलेले इंग्रजी भाषांतर प्रथम मुंबईच्या 'इंडियन अँटिक्वेरी'त आणि मग १८७७ साली पुस्तकरूपाने आले. आपल्याकडचा पुढचा बहुतेक सारा मेगॅस्थेनिस या भाषांतरावर पोसलेला आहे. म्हणजे 'मेगॅस्थेनिस म्हणतो' असे जेव्हा कोणी सांगतो, तेव्हा ती ऐकीव साक्षीवरची ऐकीव साक्ष असते.

खरे काय, खोटे काय

म्हणून हा साक्षीदार अगदीच खोटा ठरतो काय? तसे मुळीच नाही. गंगेकाठी पसरलेले ऐंशी स्टेडिया लांब व पंधरा स्टेडिया रुंद पाटलिपुत्र, त्याच्याभोवतीचा लाकडी तट, ५७० बुरूज व ६४ दरवाजे असे वर्णन त्याने केले. एवढ्या मोठ्या नगराला लाकडाचा तट असेल यावर अनेकांचा विश्वास बसत नव्हता. पुढे पाटण्याजवळ बुलंदीबाग येथे उत्खनन झाले आणि जमिनीखाली जाड तुळयांच्या तटाचे अवशेष प्रत्यक्ष सापडले. पाटलिपुत्राच्या त्या काळातील उत्खननाचा खर्च मुंबईच्या सर रतन टाटांनी उचलला होता. भारतात वर्षातून दोनदा पाऊस पडतो व दोन पिके निघतात, हेही मेगॅस्थेनिसचेच निरीक्षण. खरिपात सोयाबीन-तूर आणि रब्बीत हरभरा घेणाऱ्या माणसाला त्याची सत्यता कोणी पटवून द्यायला नको.

पण याच ग्रंथात सोने उकरून काढणाऱ्या, कोल्ह्याएवढ्या मुंग्या आहेत. तोंडच नसलेली व केवळ वासावर जगणारी माणसे आहेत. स्वतःचे कान पांघरून झोपणारी माणसेही आहेत. या कथा वाचून स्ट्रेबोने भारतावर लिहिणाऱ्यांना सरसकट खोटारडे म्हटले आणि त्यांत मेगॅस्थेनिसला वरची जागा दिली. मौज अशी की, एवढे म्हणूनही स्ट्रेबोने आपल्या ग्रंथातील भारतवर्णनाचा मोठा भाग मेगॅस्थेनिसवरच उभा केला. लाकडी तटाला पुरावा मिळाला म्हणून मुंग्या खऱ्या ठरत नाहीत, आणि मुंग्या खोट्या म्हणून तटही खोटा ठरत नाही. प्रत्येक विधान वेगळे तपासावे लागते.

मोबाइलवरील मजकूर ही तपासणी टाळतो. तो मुंग्या गाळतो व गौरव ठेवतो. चोरी नव्हती म्हणतात. मूळ उताऱ्यात चंद्रगुप्ताच्या चार लक्ष माणसांच्या छावणीत कोणत्याही दिवशी दोनशे द्रम्मांहून अधिक चोरीची नोंद झाली नाही, असे आहे. चोरी थोडी होती असा याचा अर्थ. ती नव्हती असा नव्हे. आणि ती थोडी का होती, याचा अंदाज त्याच लेखकाने दिलेल्या शिक्षांवरून येतो. खोटी साक्ष देणाऱ्याचे हातपाय तोडीत, आणि कारागिराचा हात वा डोळा निकामी करणाऱ्याला देहांत शासन होई. राजा कटाच्या भीतीने रात्रीतून वेळोवेळी शय्या बदलत असे, हेही तोच सांगतो. रामराज्याच्या चित्रात ही शय्या कोठे बसते?

दुष्काळाचेही तसेच. डायोडोरसच्या सारांशात भारताला दुष्काळ ठाऊक नाही असे वाक्य आहे. परंतु जैन परंपरेत चंद्रगुप्ताच्याच काळातील बारा वर्षांच्या दुष्काळाची आठवण जपलेली आहे, आणि सोहगौरा व महास्थान येथील प्राचीन लेख संकटकाळासाठी भरून ठेवलेल्या धान्यकोठारांविषयी बोलतात. ज्या देशात दुष्काळ पडत नाही त्या देशात अशी कोठारे कोण बांधील? युद्धात शेताला हात लावीत नसत, या विधानाशेजारी अशोकाचा तेरावा शिलालेख ठेवावा. कलिंगाच्या युद्धात एक लक्ष माणसे मारली गेली व दीड लक्ष पकडून नेली गेली, हे विजेत्यानेच दगडावर कोरून ठेवले आहे. पकडून नेलेली ती दीड लक्ष माणसे शेते नांगरणारी नव्हती तर कोण होती?

गुलाम कोणाला दिसले नाहीत?

सर्वांत अधिक मिरवले जाते ते गुलामगिरीविषयीचे विधान. भारतात सर्व माणसे स्वतंत्र आहेत, कोणीही गुलाम नाही, असे मेगॅस्थेनिस म्हणतो. पण राजाच्या अंगरक्षणाचे काम स्त्रिया करीत व त्या त्यांच्या बापांकडून विकत घेतलेल्या असत, हेही त्याच्याच आधारे सांगितले जाते. विकत घेतलेली स्त्री स्वतंत्र कशी? अलेक्झांडरबरोबर आलेल्या ओनेसिक्रिटसने गुलाम नसण्याची ही प्रथा सिंधकाठच्या एकाच राज्यापुरती सांगितली होती. अशोकाने तर आपल्या नवव्या शिलालेखात दास व भृतक, म्हणजे गुलाम व मजूर, यांच्याशी नीट वागावे असा उपदेश केला आहे. याच नवव्या लेखाचा एक तुकडा १९५६ साली आपल्या महाराष्ट्रात, सोपाऱ्याजवळ सापडला. जे नव्हतेच त्यांच्याशी नीट वागण्याचा उपदेश कोणताही राजा करीत नाही.

मग मेगॅस्थेनिसला गुलाम का दिसले नाहीत? या प्रश्नाचे सर्वांत मार्मिक विवेचन एका गोमंतकीयाने केले. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या भारतीय इतिहासाच्या ग्रंथात दाखवले की, ग्रीसमध्ये खाणी व कारखाने बाजारात विकत घेतलेल्या गुलामांच्या श्रमावर चालत, तसे भारतात नव्हते. येथे उत्पादनाचा भार राज्याने पडीक जमिनीवर वसवलेल्या शूद्रांवर होता. ग्रीक डोळा बाजारातला गुलाम शोधत होता. शूद्राची बांधीलकी त्याला गुलामगिरी म्हणून ओळखता आली नाही. कोसंबींचे सर्वांना पटले असे नाही. डांगे यांनी १९४९ सालीच भारताच्या इतिहासात गुलामगिरीचा टप्पा मांडला होता, आणि धुळ्याच्या शरद पाटलांनी 'दास-शूद्रांची गुलामगिरी' या ग्रंथात हा वाद आणखी खोलवर नेला. मतभेद काहीही असोत, एक गोष्ट या सर्वांना मान्य आहे. 'गुलाम' हा शब्द नसला म्हणजे पारतंत्र्य नसते, असे समजणे भोळेपणाचे होय. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपल्या ग्रंथाला 'गुलामगिरी' हे नाव दिले तेव्हा पुण्यात कोठे गुलामांचा बाजार भरत होता? तरी त्यांनी ते नाव दिले, आणि अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना तो ग्रंथ अर्पण केला.

मेगॅस्थेनिसने भारतीय समाजाचे सात वर्ग सांगितले. तत्त्वज्ञ, शेतकरी, गुराखी व शिकारी, कारागीर, सैनिक, निरीक्षक आणि राजाचे मंत्री हे ते वर्ग. एका वर्गातून दुसऱ्यात विवाह करता येत नाही वा धंदा बदलता येत नाही, हे त्याने टिपले. गौरवाच्या मजकुरात हेही वाक्य कधी आढळत नाही.

चौथा हिस्सा कोणाचा?

आता ज्या वाक्यासाठी हा विषय घेतला त्याकडे वळू. सारी जमीन राजाची आहे आणि शेतकरी ती कसतो, असे मेगॅस्थेनिसचे म्हणणे होते. पण कोणत्या अटीवर? डायोडोरस म्हणतो की, शेतकरी राजाला जमिनीचा खंड देतो आणि शिवाय उत्पन्नाचा चौथा हिस्सा खजिन्यात भरतो. स्ट्रेबोचे वाक्य आखूड आहे. शेतकरी मोबदल्याने, उत्पन्नाच्या चौथ्या हिश्श्यावर जमीन कसतात, एवढेच तो म्हणतो. हा चौथा हिस्सा शेतकरी देतो की शेतकऱ्याला मिळतो, हे त्या वाक्यातून निःसंदिग्धपणे कळत नाही. काहींनी एक अर्थ घेतला, काहींनी दुसरा. स्ट्रेबोच्या वाक्याचे भाषांतर करताना मॅक्रिंडलने चौथा हिस्सा शेतकऱ्याला मिळतो असाच अर्थ केला.

पंडितांच्या दृष्टीने हा व्याकरणाचा प्रश्न असेल. कुणब्याच्या दृष्टीने तो पोटाचा आहे. शेतात वीस क्विंटल धान्य आले असे धरू. पहिल्या अर्थाने कसणाऱ्याच्या घरी पंधरा क्विंटल येतात, आणि त्यांतून खंड जातो. दुसऱ्या अर्थाने घरी येतात पाच. एकाच वाक्याच्या दोन वाचनांत दहा क्विंटलांचे अंतर आहे. पहिल्यात राज्य जड कर घेणारे आहे, दुसऱ्यात ते स्वतःच जमीनदार असून शेतकरी त्याचा मजूर आहे. सुवर्णयुगाचा सारा डोलारा या अंतरावर उभा आहे, आणि त्याचा गौरव करणाऱ्यांपैकी क्वचितच कोणी हा प्रश्न विचारतो.

याचे उत्तर शोधण्याला दुसरा आधार आहे तो कौटिलीय अर्थशास्त्राचा. १९०५ साली म्हैसूरला शामशास्त्री यांच्या हाती त्याची पोथी आली व १९०९ मध्ये ती छापली गेली. पुढे मुंबई विद्यापीठाने रा. प. कंगले यांनी संपादिलेली चिकित्सक आवृत्ती १९६० ते १९६५ या काळात तीन खंडांत प्रसिद्ध केली. या ग्रंथाचा काळ वादग्रस्त आहे, त्यातील बराच भाग मौर्यांनंतरचा असावा. म्हणून तो मौर्य राज्याचा आरसा समजू नये. तथापि वाट्याची भाषा त्यात स्पष्ट आहे. सामान्य जमिनीवर राजाचा भाग सहावा. राजाच्या खासगत जमिनीला, म्हणजे 'सीते'ला, वेगळा हिशेब. ती जमीन अर्धलीने देता येते. आणि ज्याच्याजवळ बैल नाहीत, बी नाही, केवळ अंगमेहनत आहे, त्याला चौथा किंवा पाचवा हिस्सा. लुंबिनीच्या स्तंभावर अशोकाने त्या गावाचा भाग आठवा केल्याचे कोरले आहे.

म्हणजे आठवा, सहावा, अर्धा, चौथा असे अनेक वाटे त्या काळी नांदत होते. जमीन कोणाची, बैल कोणाचे, बी कोणाचे, यावर ते ठरत. मेगॅस्थेनिसने कदाचित राजधानीभोवतीची खासगत जमीन पाहिली आणि तिचा नियम साऱ्या देशाला लावला. किंवा दरबारातल्या अधिकाऱ्यांनी जे सांगितले ते लिहून घेतले. त्याने शेतकरी वर्गाची स्तुती केली, तो संख्येने सर्वांत मोठा व स्वभावाने सौम्य आहे असे लिहिले. पण एखाद्या शेतकऱ्याला त्याने काही विचारले, असे उरलेल्या तुकड्यांत कोठेही आढळत नाही.

साक्षीचा उपयोग कोण करतो?

साऱ्या जमिनीचा मालक राजा, हे विधान केवळ ग्रंथात पडून राहिले नाही. इंग्रजी राज्य आले तेव्हा जमिनीची मालकी कोणाची, हा वाद पेटला आणि राजाच मालक या पक्षाला ग्रीक ग्रंथकारांची साक्ष सोयीची वाटली. जेम्स मिलने १८१७ सालच्या आपल्या भारतविषयक इतिहासात हाच पक्ष घेतला. त्याच वर्षी त्याचा मित्र रिकार्डो याचा अर्थशास्त्रावरील ग्रंथ निघाला व त्यात खंडाचा सिद्धांत आला. राज्य जमिनीचे मालक असेल तर तो खंड राज्याने घ्यावा, हे पुढचे पाऊल. ते पाऊल पडले आपल्याच महाराष्ट्रात. पुणे भागात प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पाहणी केली आणि निव्वळ उत्पन्नाच्या पंचावन्न टक्के सारा ठरवला. १८३० च्या सुमारास इंदापुरात त्याचा अंमल सुरू झाला. मोजणी सदोष, आकार असह्य. शेतकरी गावे सोडून गेले आणि जमिनी ओस पडल्या. १८३५ पासून गोल्डस्मिड व विंगेट यांना सारे नव्याने करावे लागले. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून कंपनीच्या ताब्यात गेला, आणि पुढे या नव्या मुंबई पद्धतीचीच पाहणी आपल्या बुलढाण्यापर्यंत आली. इंदापूरचा कुणबी मेगॅस्थेनिसमुळे परागंदा झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु सत्तेला हवे ते वाक्य जुन्या ग्रंथात नेहमीच सापडते, आणि त्याची किंमत ज्याने तो ग्रंथ कधी वाचला नाही तो मोजतो, एवढे यावरून निश्चित दिसते.

आजही साक्षीदार तोच आहे, बोलावणारे बदलले आहेत. विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी २००६ साली पंतप्रधानांना शेतकरी आत्महत्यांमुळे पॅकेज जाहीर करावे लागले, त्यांत बुलढाणा होता. अशा जिल्ह्यातील शेतकऱ्याला 'तुझ्या पूर्वजाला युद्धातही कोणी हात लावीत नव्हते' असे सांगणे सोपे असते, कारण त्याला खर्च येत नाही. भूतकाळातला मान देऊन वर्तमानातला भाव चुकवता येतो. शेतकऱ्याची पूजा आणि शेतकऱ्याचा वाटा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपले काम

मग उंद्रीच्या कार्यकर्त्याने काय करावे? पारावर मेगॅस्थेनिसचे नाव निघाले तर चिडू नये, हसूही नये. 'हो, तो मोठा साक्षीदार आहे. पण त्याने सांगितलेला चौथा हिस्सा कोणाचा, ते जरा सांगा' एवढाच प्रश्न विचारावा. चर्चा गौरवावरून वाट्यावर आली की ती आपल्या भूमीवर आली.

दुसरे काम अधिक कष्टाचे आहे. तेवीसशे वर्षांपूर्वी शेतकऱ्याला काय मिळत होते हे आपल्याला नीट कळत नाही, कारण ते लिहिणारा दरबारात बसला होता. पण आज आपल्या तालुक्यात काय मिळते, हे तरी कोठे लिहिलेले आहे? बटाईचा व्यवहार तोंडी होतो. सातबाऱ्यावर मालकाचे नाव असते. राबणाऱ्याचे बहुधा नसते. म्हणून पीककर्ज, नुकसानभरपाई व विमा यांच्या दारात तो उपरा ठरतो. मालक नाव लावू देत नाही, कारण १९५८ च्या विदर्भ कुळकायद्याची धास्ती त्याच्या मनातून गेलेली नाही. आणि हा मालकही पुष्कळदा दोन-चार एकरांचा धनी, पोटासाठी पुण्याला गेलेला असतो. त्याला शत्रू ठरवून प्रश्न सुटणार नाही. मालकी सुरक्षित ठेवून कसणाऱ्याची नोंद व्हावी, ही मागणी दोघांच्याही हिताची आहे, हे त्याला समजावून द्यावे लागेल.

त्यासाठी आधी माहिती हवी. प्रत्येक शाखेने आपल्या गावापुरती एक वही घालावी. जमीन किती, कोण कसतो, बियाणे-खत-फवारणीचा खर्च कोणाचा, वाटा अर्धा की तिसरा की चौथा, नापिकी झाली तर तोटा कोणी सोसला, सालदाराला वर्षाकाठी काय मिळाले, हे त्या माणसाच्या बांधावर बसून त्याच्याच तोंडून ऐकून लिहावे. नावे उघड करण्याची गरज नाही. आकडे खरे असावेत. अशी वही घेऊन तहसील कचेरीत गेलेला कार्यकर्ता आणि केवळ घोषणा घेऊन गेलेला कार्यकर्ता यांत काय फरक पडतो, हे ज्यांनी दोन्ही केले आहे त्यांना ठाऊक आहे.

मेगॅस्थेनिसचा ग्रंथ हरवला, आणि त्याच्या एका वाक्याचा अर्थ लावण्यात पंडितांची दोनशे वर्षे गेली. 'चौथा हिस्सा' लिहिताना 'कोणाचा' हा एक शब्द त्याने वा त्याच्या उताऱ्या करणाऱ्यांनी स्पष्ट लिहिला असता, तर एवढा प्रश्न उरला नसता. आपल्या वहीत तो शब्द राहता कामा नये.